अपूर्ण

लाल शाईनं मी लिहिलं : गृहपाठ अपूर्ण.
खाली सही, तारीख.
आठवी ब, हारिका यमूल, हजेरी क्रमांक एकवीस.
सातवं उदाहरण अर्ध्यात थांबलेलं,
बरोबरच्या चिन्हापुढं काहीच नाही,
नुसती एक रेघ, घरंगळत समासाबाहेर गेलेली.
कोपऱ्यात मुरमाच्या धुळीचा तांबूस अंगठा.

"करत होते की ओ मॅडम," ती म्हणाली,
"मधीच डोळा लागला."

पहाटे साडेपाचला मैदान,
बाराला शाळा, साडेपाचला सुटली की पुन्हा मैदान,
आठ वाजता घर.
खाली चार माग, वर एक खोली,
आणि त्या खटखटीत तिला गाढ झोप लागते.
लाइट गेली की माग थांबतात,
मग शांततेनं दचकून जागी होते पोर
आणि उरलेली उदाहरणं सोडवते
आईच्या मोबाइलच्या उजेडात.
हे तिनं नाही सांगितलं.
शेजारच्या बाकावरची चिलका सांगत होती,
स्वतःची वही पाठीमागं लपवत.

बिराजदार सरांना सुनवायचं ठरवूनच
मी संध्याकाळी मैदानावर गेले.
वाक्य तयार होतं :
तुमच्या खो-खोपायी माझं बीजगणित बुडतंय.
सर स्टॉपवॉचवरून नजर न काढता म्हणाले,
"दोन मिनिटं थांबा मॅडम, यमूल आत आहे."

दोन मिनिटं चाळीस सेकंद थांबले.
आठ पाठी, एकआड एक तोंडं फिरवलेल्या,
त्यांच्यामधून ती साखळी घालत होती,
खांबापाशी झुकली, निसटली,
मागच्या मुलीच्या बोटात नुसता वारा.
यात भूमिती आहे
असं म्हणायचा मोह झाला मला.
पण नव्हती.
ती फक्त पळत होती
आणि मी माझं वाक्य विसरले होते.

आता माझं सांगते.
पिशवीत अठ्ठेचाळीस वह्या,
गुरुवारपासून तशाच.
सात वाजता तालीम असते आमची,
बँकेतले दोघे, एक कंपाउंडर, मी.
स्पर्धेचं नाटक, मला सासूचं काम,
दुसऱ्या अंकात मोठं स्वगत आहे,
ते पाठ करते शेंगा कुटताना.
घरी येते तेव्हा साडेदहा झालेले असतात,
वह्यांकडं पाहते,
वह्या माझ्याकडं पाहतात.

सोमवारी एकवीस क्रमांक उभा राहिला.
"मॅडम, मागच्या आठवड्याच्या वह्या तपासल्या नाही काय?"
वर्ग गप्प.
खिडकीत चिमण्यासुद्धा गप्प, असं मला वाटलं.

"करत होते की गं," मी म्हणाले,
"मधीच डोळा लागला."

इतकं हसले ते, की शेजारच्या वर्गातून
कुलकर्णी बाई डोकावून गेल्या.
हारिका हसली नाही.
डोळे बारीक करून माझ्याकडं बघत होती,
कोण कुठल्या बाजूला तोंड करून बसलंय
हे हेरावं तशी.

शनिवारी तिचा सामना बार्शीला,
माझा प्रयोग इथंच, संध्याकाळी.
सकाळी एसटीत बसण्याआधी
ती वही देऊन गेली शिपायाकडं.
सातवं उदाहरण पूर्ण.
उत्तर चुकलेलं,
उणे चिन्ह कंसाबाहेर आणताना राहिलंय,
नेहमीसारखं.

रंगपटात बसून मी ते दुरुस्त केलं.
केसांना पांढरं लावून झालं होतं,
कपाळावर सुरकुत्यांच्या रेघा,
बाहेर पहिली घंटा.
घाईत पान उलटताना
माझाही अंगठा उमटला, रंगाचा,
तिच्या अंगठ्याच्या जरा वर.
पदरानं पुसायला गेले,
आणखीच पसरला.