साटुर्निनोचा बाण

नकाशात हे गाव वाटेपासून
दीड किलोमीटर आत आहे.
पण पिवळा बाण इकडेच वळला होता,
आणि टाचेला फोड आलेला माणूस
बाणाशी वाद घालत नाही.

कापलेल्या गव्हाचे खुंट, नजर जाईल तिथवर.
चर्चच्या मनोऱ्यावर करकोच्याचं घरटं,
खाली अकरा दारं, नऊ कुलपं.

साटुर्निनो चौकात मसुरीचं सूप ढवळत होता.
दोन वाडगे आधीच मांडलेले.
"बाण मीच काढलाय," तो म्हणाला,
नखांत रंग तसाच,
"एउतिमिया गेली त्या हिवाळ्यात.
नगरपालिकेवाले दोनदा पुसून गेले.
माझ्याकडे डबा मोठा आहे."

मी पाय बादलीत सोडले.
मग तो काहीच बोलला नाही,
नुसता पाव कापत राहिला,
दोघांना लागेल त्याहून कितीतरी जास्त.

परतताना फाट्यावर एक कोरियन मुलगी
फोन उलटासुलटा करत उभी.
"रस्ता हाच ना?"

सांतियागो अजून चारशे किलोमीटर.
ऊन माथ्यावर, सावली फक्त खांबाची.
मी बाणाकडे पाहिलं.

"हाच," म्हटलं. "जा लवकर,
सूप निवेल."