साडेचार इंच

उद्यमबागेत एकतीस वर्षं वाळूच हाताळली.
मुठीत दाबायची, मूठ उघडायची,
गोळा मोडला नाही, बोटांचे वळ राहिले
की ओल बरोबर.
ही वाळू तशी नाही.
पोवळ्या-शिंपल्यांचा पांढरा चुरा,
कितीही दाबा, मुठीला ओळख देत नाही.

खडेबाजारचा ईरण्णा म्हणाला,
"ओंदु इंच साकु, मामा.
वरचेवर नळीनं घाण ओढा, निवांत झोपा."
आमची वनमाला म्हणाली, एक तरी घाला
नाहीतर सरळ साडेचार.
मधलं अडीच-तीन नको,
ते घाण धरून ठेवतं, पचवत नाही.
मी म्हटलं, अगं, आपल्या गल्लीत सगळे अडीच-तीनच की.
ती हसली नाही. पट्टी शोधत होती.

समुद्र इथनं चोर्ल्याच्या घाटाखाली.
आम्ही अनगोळात बादलीत मीठ कालवून
काटा बघत बसलेलो.
साठ किलो वाळू धुऊन धुऊन पाठ गेली.

पट्टी सापडलीच नाही.
तर्जनीचं पेर चौऱ्याण्णव साली ओतकामात गेलंय,
म्हणून मधलं बोट उभं खुपसलं.
सबंध बुडलं, तळहात टेकला,
तरी तळाची काच लागली नाही.
"पुरे," ती म्हणाली.

पाचव्या महिन्यात काचेतनं थर दिसायला लागले.
वर पांढरा, मग राखी,
तळाला काळी रेघ, काजळ ओढल्यागत.
मधनंच एखादा बुडबुडा.
माझा हात आपसूक तारेकडे गेला.
साच्यात वायू अडकला
तर कास्टिंग भोकांचं निघतं, पगार कापतात,
म्हणून रस ओतायच्या आधी वाळू टोचायची,
भसाभस, सगळीकडनं,
तिला श्वास द्यायचा.

वनमालानं मनगट धरलं.
"बाबा, हिला द्यायचा नाही.
खाली हवा नाही म्हणूनच तिथं काम चाललंय.
टोचलंत तर सकाळी मासे उलटे तरंगतील."

रात्री दिवा मालवून टाकीसमोर बसलो.
दोन नारिंगी मासे कोपऱ्यात.
दोऱ्याएवढा एक किडा काचेला लागून
बीळ करत खाली चाललेला.
काळ्या रेघेपर्यंत गेला,
थांबला,
आडवा वळला.

तार खिळ्याला अडकवली.
मग काढली, पुसली,
परत अडकवली.