अर्धा आटा

पहाटे पावणेचारला धनकवडीच्या चौकात
दोनच माणसं जागी असतात,
दुधाच्या टेम्पोवरचा, आणि मी.
खांद्यावर साडेचार फुटी लोखंडी चावी.
चावीच म्हणतात तिला,
पण कुलूप एकही उघडत नाही तिच्यानं.

हिरामण ढेबे निवृत्त झाले त्या दुपारी
क्षेत्रीय कार्यालयात शाल, नारळ, आणि अर्धं भाषण झालं.
साहेबांना मीटिंग होती.
आटे किती, ते कुणीच विचारलं नाही.
कुठल्या फायलीत नव्हते ते.
नकाशात नुसत्या निळ्या रेघा.

मग त्या रात्री माझ्यासोबत चालत
त्यांनी एकेक झाकण उचललं :
"शाळेमागचा, एकवीस.
गणपतीसमोरचा, चौदा. पंधराव्याला रडतो, तिथंच सोड.
चढावरचा सव्वीस, आणि मग पायपाला कान लाव.
आधी हवा येते. हवा म्हणजे पाणी नव्हे.
लोक मात्र तिलाच ऐकून हंडे लावतात."

मी ठेकेदाराचा माणूस. वही काढली.
"लिहून काय करतोस," म्हणाले, "मनगटाला सांग."

शेवटचा, लोंढेंच्या गिरणीपाशी :
"बारा. आणि वर अर्धा."
अर्धा का?
ते झाकण बसवत राहिले.
पायानं दाबून पाहिलं, हलतंय का.

आता मला लोक ओळखतात
ते पाणी आलं नाही तरच.
गुरुवारी बंद, शुक्रवारी गढूळ,
आणि तीन-तीन मजल्यांवरून
माझ्या आईचा उद्धार.
बरोबरच आहे. नळाला शिव्या देऊन काय उपयोग.

गेल्या महिन्यात नवे ज्युनिअर इंजिनिअर आले,
गिरणीपाशी उकिडवे बसले, आकडे मांडले, म्हणाले,
इथं पाणी कुठंतरी मुरतंय.
मी म्हटलं, साहेब, व्हॉल्व्ह जुना आहे,
आटे झिजलेत.
त्यांनी तसं लिहून घेतलं.
माझ्या हातून फायलीत गेलेली ही पहिली ओळ,
आणि तीही खोटी.

गिरणीच्या बोळाच्या टोकाला एक पत्र्याचं दार आहे.
टाकी नाही, मोटार नाही,
गुडघ्याएवढा नळ, दाराच्या आत.
कोण राहतं, मी पाहिलेलं नाही.
बारा आटे फिरवतो, वर अर्धा,
आणि अंधारात उभा राहतो
चावीवर हनुवटी टेकून.

आधी रिकाम्या बादलीचा खणखणाट.
मग आवाज घोगरा होत जातो.
मग नुसता भरलेला.

तो थांबला की मी पुढं निघतो.