माश्यांची वाट बघताना

एप्रिल संपता संपता, डेटनला,
पानं यायच्या आधीच
पॉपॉला फुलं आली.
आठ वर्षांनी.

फुलं म्हणावं असं त्यांच्यात फारसं काही नाही.
माना खाली घालून लोंबणारी,
वाळल्या रक्ताच्या रंगाची,
पाकळ्या जाड, सुरकुतलेल्या,
आणि वास (नाक लावून घेतला मी)
झाकून विसरलेल्या इडलीच्या पिठाचा.
दिगंबर म्हणाला, "एवढं पाणी घातलं ते ह्याच्यासाठी?"

मधमाश्या इकडे फिरकत नाहीत.
त्या पलीकडच्या सफरचंदावर, लग्नघरासारख्या.
ह्याला हव्यात घाणीवर बसणाऱ्या माश्या.
कुंपणावरून एर्मा स्टोल्ट्झ सांगते,
तिचे वडील फांदीला मेलेली खार टांगायचे.
"नाहीतर कोंबडीची मान बांध. स्वस्त पडते."
माझ्या घरात अंडंसुद्धा
वेगळ्या पातेल्यात उकडतं.
तरी गेले दुकानात, उभी राहिले,
काचेमागच्या माना मोजल्या,
आणि कोथिंबीर घेऊन परत आले.

मग नातीच्या रंगपेटीतला दोन नंबरचा ब्रश.
चष्मा, स्टूल, आणि फुलाफुलाला गुदगुल्या.
आठवडाभर.
एकही धरलं नाही.
नंतर वाचलं, ह्या झाडाला स्वतःचा पराग चालत नाही,
स्वतःच्या मुळातून फुटलेल्या पिल्लांचाही नाही.
परक्या घरचाच लागतो.
मला हसू आवरेना.
सगोत्र नको, हे ओहायोच्या रानात
कुणी सांगितलं ह्याला?

एर्माच्या गॅरेजमागे तिच्या वडलांनी लावलेलं एक आहे.
त्यालाही कित्येक वर्षांत फळ नाही.
पुढच्या एप्रिलात ती आली,
एक्याऐंशीची, काठी टेकत,
आगपेटीत करडा पराग घेऊन.
तिचा हात थरथरतो.
पराग झाडायला तेवढाच बरा.
माझा ब्रश तिच्या झाडाला, तिची आगपेटी माझ्या,
दोघी सकाळभर
काहीच न बोलता असं काहीतरी करत होतो
जे तिच्या चर्चमध्ये सांगता आलं नसतं
आणि माझ्या मंडळातही.

मे महिन्यात हिरवळीच्या ऐन मधोमध
एक कोंब वर आला.
कृष्णकमळाचाच गोतावळा, इथला, रानटी,
मी लावला होता पार जिन्याजवळ, तिथे रुसून मेलेला.
जुलैत जांभळी झालर उलगडली, पाच परागकोश, तीन जिभा,
घड्याळासारखं नीटस फूल, भलत्याच जागी.
दिगंबर गवत कापताना आता
त्याला वळसा घालतो.
त्याबद्दल तो बोलत नाही, मीही विचारत नाही.

सप्टेंबरात सात फळं.
तीन तिच्याकडे, चार माझ्याकडे.
बाहेरून आंब्यासारखी, पण पडेल चेहऱ्याची,
हात लागला की डाग.
एर्माच्या पायरीवर बसून चमच्यानं खाल्लं.
पिवळा गर, सायीसारखा,
आणि जिभेवर अचानक
सीताफळ.
डोळे नसलेलं सीताफळ, थोडं केळ्यात वाढलेलं.
बीसुद्धा ओळखीची, गुळगुळीत, फक्त थोराड.
जिभेनं सोडवून तळहातावर टाकायची
ती जुनी युक्ती तोंडाला आठवत होती.
एर्मानं सीताफळ कधी पाहिलेलं नाही.
मी हवेत बोटांनी त्याचे डोळे काढून दाखवले.
"म्हणजे भाऊ?" तिनं विचारलं.
"चुलत," मी म्हटलं.
तिनं मान डोलावली, जणू त्या चुलत्यांना ती ओळखते.

दोन दिवसांत उरलेली काळी पडली.
काळी झाली तेव्हा जास्त गोड होती.

बिया फेकल्या नाहीत.
थंडी खाल्ल्याशिवाय त्या उगवत नाहीत म्हणे,
म्हणून ओल्या शेवाळात गुंडाळून
फ्रीजमध्ये ठेवल्यात, मार्चपर्यंत, तळाच्या कप्प्यात,
रिकाम्या झालेल्या डब्यात.
वर दिगंबरनं चिकटवलेली चिठ्ठी,
त्याच्या बँकेतल्या अक्षरात:
हे श्रीखंड नाही.