दोन ते आठ अंश

शटर गुडघ्याएवढं उचलून वाकून आत जाते.
निलंबनाचा आज तिसरा दिवस.
विक्री बंद म्हणजे बंद,
पण फ्रिजला कुणी नोटीस बजावलेली नाही.
दोनच्या खाली नको, आठच्या वर नको.
काटा पाहते. चार.
वहीत लिहिते, चार. पुढे सही.

फेब्रुवारीतली गोष्ट, आदेश यायला जून उजाडला.
बारा चाळीसला शाळेतून फोन : ओवीला ताप आहे, घेऊन जा.
एप्रन खुर्चीवर टाकला, ओंकारला म्हटलं,
अँटिबायोटिक कुणी मागितलं तर थांबव, आलेच मी.
ओढ्यावरचा पूल, अरण्येश्वरचा चौक,
येताना मागच्या सीटवर तिचं कपाळ माझ्या पाठीला,
कापडातून चटका बसावा इतकं.

दुकानात निरीक्षक खैरमोडे
माझ्याच स्टुलावर बसून बिलं चाळत होते.
पंच म्हणून इस्त्रीवाला आणि रसवंतीचा पोरगा,
सही कुठे करायची विचारत.
"आपण?"
"फार्मासिस्ट."
"बारा पन्नासला नव्हता."
"नव्हते."
या एका शब्दाची पुढे अडीच पानं झाली, टंकलिखित.
ओवी काउंटरला टेकून उभी, डोळे लाल.
खैरमोडेंनी तिच्याकडे पाहिलं.
पेन थांबलं. मग परत चालू लागलं.

ओस्तवालशेठ म्हणतात, अपील करू, मंत्रालयात जाऊ,
या शहरात किती दुकानं दाखवू तुम्हाला
जिथं सर्टिफिकेट भिंतीवर आणि पोरगी नाशकात?
खरं आहे. मलाही आलं होतं असं बोलावणं :
नुसती चौकट द्या मॅडम, महिन्याला सात हजार, यायची गरज नाही.
मी म्हटलं, चौकट येईल, पण माझ्यासकट.

तर त्या दहा मिनिटांत ओंकारनं काय दिलं?
एका बाईला पाच गोळ्या,
मोबाइलवरच्या फोटोवरून.
फोटोतलं नाव भलत्याचंच, तारीख गेल्या वर्षीची.
एच-वनच्या रजिस्टरात औषधाचं नाव, संख्या, आणि पुढे
डॉक्टर कोरा, पेशंट कोरा.
खैरमोडेंनी त्या ओळीवर नुसतं बोट ठेवलं.
कायद्यात शब्द आहे, वैयक्तिक देखरेखीखाली.
परीक्षेत हा शब्द मी दोन मार्कांसाठी पाठ केला होता.
ती बाई कशी दिसत होती, अंगावर पूर्वी कधी पुरळ उठलं होतं का,
पोटुशी होती का,
मला सांगता येत नाही. मी तिला पाहिलंच नाही.
शेठ, अपिलात हे कुठे लिहू?

शटरवर टकटक.
"ताई, आत आहात ना? चपला दिसतायत."
पायगुडेकाका. त्यांचं इन्सुलिन
माझ्यापासून हातभर अंतरावर, काचेआड, चार अंशांवर.
"काका, दोन दिवस बंद आहे अजून. सातारा रस्त्याला मिळेल."
"तिथं आपली ओळख नाही."
"चिठ्ठी आहे ना? मग ओळख लागत नाही."

थोडा वेळ काहीच नाही. मग फटीतून
चिठ्ठीच आत सरकली, चार घड्यांची, घामट.
"निदान वाचून तरी सांगा. या वेळी काहीतरी बदललंय म्हणाला."

वाचायला बंदी नाही.
उकिडवी बसते, फटीतल्या उजेडाच्या पट्टीत कागद धरते.
"सकाळचं बारावरून चौदा केलंय. रात्रीचं तेच.
आणि टोचल्यावर जेवण लांबवू नका, कीर्तन असलं तरी."
"बरं."
चिठ्ठी बाहेर जाते.
त्यांच्या चपला मिनिटभर तिथंच, मग डावीकडे,
सातारा रस्त्याच्या बाजूला.

निघताना एप्रनची बटणं काढायला लागते.
बंद दुकानात हा मी घातला कधी,
आठवत नाही.