बेत

आई शिवणकारखान्यात कापड बेतायची.
एका ताग्यात किती बाह्या, किती कॉलर,
आणि चिंधी किती कमी,
तिचा पगार त्या चिंधीवर ठरायचा.
मी तांबं बेतते.

लुंगनानच्या औद्योगिक वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री दहा ते सकाळी सहा,
चारशे सत्तावन्न बाय सहाशे दहा मिलिमीटरच्या एका पॅनेलवर
मी अनोळखी माणसांना शेजारी करते.
कुणाचा बोर्ड दाराची घंटा वाजवणारा,
कुणाचा मेंढ्या मोजणारा,
कुणा विद्यार्थ्याचा, ज्यानं बॅटरीचं अधिक-उणे उलटं छापलंय.
(मी सांगत नाही. शिकेल.)

दोघांत दोन मिलिमीटर, कटरची जाडी तेवढीच.
कडा सरळ असल्या तर तेही नको:
भिंतीला भिंत, मधे फक्त एक चीर,
नंतर हातानं मोडायची.
कट् असा आवाज आला पाहिजे.
गोल बोर्ड मात्र नकोसे.
कितीही फिरवा, चार कोपरे वाया घालवतात.
त्यांना बारीक भोकांच्या दांडीवर टांगून ठेवायचं.
त्या भोकांना आम्ही उंदराचे चावे म्हणतो.
सुटल्यावरही कडेला ते चावे राहतात,
बोट फिरवलं की कळतं,
हा कधी कुणाला तरी चिकटलेला होता.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ठीक,
पण इथं अंथरूण एक आणि पाय बावीस घरचे.
ल्याव मास्तर म्हणतात, ब्याऐंशी टक्के भरलं की पुरे.
मी सत्त्याऐंशीपर्यंत जाते.
आईची खोड.

तरी उरतंच.
तिथं तांब्याचे ठिपके भरायचे, कशालाच न जोडलेले.
मुलामा चढताना वीज एकीकडेच धावू नये
म्हणून जास्तीचा प्रवाह हे ठिपके खातात.
त्यांना नाव काय, तर चोर.
सगळ्यांचं सारखं व्हावं म्हणून बसवलेले,
आणि शेवटी कडेच्या पट्टीबरोबर भंगारात.

पाच नगांची एक ऑर्डर आहे.
तीन वर्षं येते, दर तीन-चार महिन्यांनी.
नाव नाही, फक्त क्रमांक,
आणि मागच्या बाजूला एक ओळ, मला न येणाऱ्या लिपीत,
अक्षरं वेलीच्या तणाव्यांसारखी वळलेली.
मागचा मजकूर पडद्यावर आरशातला दिसायला हवा,
पण जे वाचताच येत नाही ते उलटं की सुलटं?
पहिल्यांदा मी ते कागदावर छापून खिडकीच्या काचेवर धरलं,
या बाजूनं, त्या बाजूनं.
दोन्हीकडून तितकंच खरं वाटलं.
तसंच पाठवलं. तक्रार आली नाही.

दर नव्या फाइलीत एकच भोक सरकतं, बटणाचं.
अर्धा मिलिमीटर डावीकडे. मग वर.
मग पाव परत खाली.
बाकी सगळं तेच: छोटा स्पीकर, नाण्याएवढी बॅटरी.
दाबणाऱ्याचं बोट आखडत चाललं असेल,
असं मी धरून चालले होते.
किंवा बोट लहान आहे, आणि वाढतंय.

आज अकरावी आवृत्ती.
भोक पहिल्या जागी परत आलंय
आणि मागची ओळ पुसलेली.

"काय अडलं?" ल्याव मास्तरांनी दारातूनच विचारलं.
काही नाही, म्हटलं.
पाचही नग बसवले, जसे आले तसे, पाठीनं कोरे.
त्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेतले बत्तीस चोर काढले
आणि सहावा ठेवला, हिशेबाबाहेरचा,
दहाव्या आवृत्तीतली ती ओळ त्याच्या पाठीवर.
नको असेल तर टाकून देतील.
माझं चुकलंही असेल.

सहाला पाच कमी असताना फाइल ड्रिलिंगकडे गेली.
ओळ आरशातलीच होती.
असावी.