सतराचा पाना

मे महिन्यात नागपुरात सकाळी नऊनंतर
लोखंडाला हात लावू नये.
म्हणून आम्ही पहाटे चारला लागतो कामाला
मानेवाड्याच्या घराला टेकून उभ्या पत्र्याच्या गॅरेजात :
मी, बाबा, आणि बोअरवेलवाल्या ढोबळेंकडून
दिवसाला दीडशे भाड्यानं आणलेली चेनपुली.

गाडी अठ्ठ्याण्णवची. तीन सिलिंडर,
तिसऱ्यात कॉम्प्रेशन उरलं नव्हतं.
अजनीच्या पुलावर ती मधेच बसायची
आणि मागचे ऑटोवाले बाबांच्या सात पिढ्या काढायचे.
मिस्त्री म्हणाला, विका, पंधरा हजार येतील.
बाबा तिथं काही बोलले नाहीत.
घरी आल्यावर म्हणाले, "आयटीआयत काय शिकवलं तुले?"

दुसरं इंजिन कामठी रोडच्या कबाड्याकडून.
बैतूलच्या डॉक्टरीणबाईची गाडी, तो म्हणाला,
फक्त दवाखान्यात जायची-यायची.
जुनी इंजिनं सगळी डॉक्टरांचीच असतात.
मी प्लग खोलून पाहिला,
मारी बिस्किटाच्या रंगाचा निघाला.
घेतलं.

लहानपणी मी टॉर्च धरायची.
पोरीचं काम तेवढंच.
"उजेड कुठं पाडून राहिली? माह्या हातावर नको, बोल्टावर पाड."
बोल्ट शोधता शोधता
मी आतलं सगळं पाहून घेतलं होतं,
हे त्यांना कळलं नाही.

आता टॉर्च त्यांच्याकडे.
गेल्या दिवाळीपासून हात थरथरतो.
उजेडाचा गोल बेलहाउसिंगवर नाचतो,
बोल्ट दिसतो, जातो, दिसतो.
"बाबा, नीट धरा नं!"

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
पलीकडे सुखदेवेकाकूंच्या कूलरचं पाणी
ताटीवरून टपकत होतं, तेवढंच.
त्यांनी मनगट बॅटरीच्या खोक्यावर टेकवलं.
मी सतराचा पाना मागितला, त्यांनी चौदाचा दिला.
मी तो घेतला, बाजूला ठेवला,
आणि सतराचा आपला आपण उचलला.

दुसऱ्या दिवशी जुनं इंजिन कडी-कडीनं वर आलं,
साखळीला टांगून गरगर फिरलं
आणि सोडलेल्या जागी, क्रॉसमेंबरच्या बेचक्यात,
दहाचा पाना सापडला.
तोच, जो दोन हजार सात साली
दिवाकरमामानं चोरला होता.
बाबांनी पाना पुसला. खिशात घातला.
मामाचं नाव आमच्यापैकी कुणीच काढलं नाही.

क्लच प्लेट मध्यावर बसवायचं अवजार नव्हतं.
आईचं लाटणं आणलं, टोकाला टेप गुंडाळली,
एक वेढा कमी केला,
नेमकं बसलं.
"आन् पोळ्या का आता पान्यानं लाटू?" आई दारातून.

तिसऱ्या दिवशी किल्ली फिरवली.
स्टार्टर फिरतो, इंजिन नाही धरत.
पुन्हा. कार्ब्युरेटरनं एक जोरदार शिंक दिली,
छतावरची कबुतरं उडाली.
पेट्रोल आहे, ठिणगी आहे, मग काय नाही?
मी बॉनेटखाली कमरेपर्यंत वाकले,
घाम डोळ्यांत.

बाबा शब्दानंही बोलले नाहीत.
टॉर्चचा उजेड डिस्ट्रिब्युटरवर आला.
हलत होता, नेहमीसारखाच,
पण त्या दोन वायरींपासून दूर जाईना.

एक-तीन-दोन.
मी एक-दोन-तीन लावलं होतं,
शाळेत शिकवतात तसं.

अदलाबदल केली. धरलं.
आधी अडखळत, मग एका दमात.
डॅशबोर्डावरच्या मीटरला पत्ताच नाही :
एक लाख बासष्ट हजार चारशे अकरा,
परवा होता तिथंच. आरटीओत जाऊन
नवा नंबर चढवावा लागेल, तेव्हा चढवू.

बाबा डावीकडून बसले, पहिल्यांदाच.
सीट आईच्या मापानं पुढं सरकवलेली,
गुडघे डॅशबोर्डाला लागत होते.
मागं घेतली नाही त्यांनी.
खिशातला दहाचा पाना टोचत असणार, तोही काढला नाही.
साडेआठ झालेले, पत्रे तापू लागलेले.

"चाल," म्हणाले.
"पुलापर्यंत तरी."